मृत साठा

पाण्यावर लिहायचं म्हटलं की आपल्या मंडळींची लेखणी पहिली महाडला जाते. जायलाच पाहिजे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि मागनं हजारो माणसं उतरली, हे आपल्याला बाळगुटीबरोबरच पाजलेलं आहे. पण तहानेवर आपण जेवढं लिहिलं तेवढं बुडण्यावर लिहिलं नाही. मला बुडण्यावर लिहायचंय.

२१ मे २०२४ ला संध्याकाळी उजनी धरणात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली. आत सात जण. एक पोहून काठाला लागला. सहा गेले, त्यात दोन लेकरं. दुसऱ्या रात्री पाळीच्या चहाला आमच्या रिंग खात्यात हीच बातमी. एकजण म्हणाला, "पोहायला यायला पाहिजे होतं बे त्यांना." मी विचारलं, इथं कुणाकुणाला येतं? पाच-सहा हात वर झाले. ते सगळे विहीरवाल्यांचे. कमरेला वाळला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधून त्यांना बापानं नाहीतर चुलत्यानं विहिरीत ढकललेलं होतं. आमच्यातल्या एकाचाही हात वर झाला नाही. पोहायला शिकायचं तर विहीर लागते. अन् ज्या विहिरीतनं घागर भरायची चोरी होती, तिच्यात पोरगं कोण सोडू देईल? बाटतं की पाणी. हे कोण गणतच नाही. तहान दिसते, पोहता न येणं दिसत नाही. ते बुडाल्यावर दिसतं.

माझ्या आज्याला मात्र पोहता यायचं. तो भीमेत शिकला. वाहत्या नदीची वाटणी गावानं सोपी केलेली होती. वरच्या अंगाला गावाचा पाणवठा, त्याच्या खाली धुणं, त्याच्या खाली जनावरं, त्याच्याही खाली आम्ही. सगळ्यांचा मळ पिऊन आज्या पोहायला शिकला. मग धरण आलं. उजनी १९८० ला पुरं झालं, पण त्याच्या आधीच पाणी चढत चाललं होतं आणि गावं उठत होती. धरणानं एक गोष्ट केली जी संतांना जमली नव्हती. वरचं पाणी आणि खालचं पाणी त्यानं एक करून टाकलं. पण तोवर गावच राहिलं नव्हतं. आज्याच्या नावावर जमीन नव्हती, मग जमिनीला जमीन मिळायचा सवालच नव्हता. तो बोचकं घेऊन सोलापूरला आला आणि गिरणीत बदलीवर लागला.

धरण वाईट असं मी म्हणत नाही. बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा दामोदर आणि हिराकूडच्या योजना त्यांच्याच खात्यात आकाराला आल्या. नदीला माणसानं कामाला लावावं असंच त्यांचं म्हणणं. आमचंही तेच आहे. फक्त विचारायचं एवढंच, की कामाला लागलेली नदी कुणाच्या शेतात जाते? उजनी ११७ टीएमसीचं धरण. त्यातलं जवळजवळ ६३ टीएमसी म्हणजे मृत साठा. मृत म्हणजे दाराच्या पातळीखालचं, कालव्याला आपोआप न जाणारं. उन्हाळ्यात पेपरात येतं, उजनी वजा वीस टक्के, वजा चाळीस टक्के. पोरं हसतात, धरण उधारीवर चाललंय म्हणून. त्या वजामध्ये पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक गाड्या करून बघायला जातात. आमच्या आज्याचं गाव पण त्याच मृत साठ्यात आहे. त्यात देऊळ बघण्यासारखं नाही, म्हणून कोण जात नाही.

त्याच पाण्यावर मी नववीत असताना शाळेच्या सहलीला गेलो होतो. शनिवार, २८ फेब्रुवारी २०१५. विज्ञान दिन. सगळ्या देशाचं बजेट त्याच दिवशी मांडत होते आणि आमच्या घरात साडेसहाशे रुपयांचं बजेट बसत नव्हतं. आई विड्या वळायची. ती म्हणाली, जाऊ नको. आज्या म्हणाला, "जाऊ दे त्याला. गावाकडं चाललाय."

साडेसहाशे ज्यांना जमले नाहीत त्यांना शाळेनं गरीब विद्यार्थी निधीतनं नेलं. शाळेचे उपकार मी नाकारत नाही. पण यादी सांगतो. यादीत पहिल्यांदा पैसे भरलेले, मग अर्धे भरलेले, मग निधीवाले. अडतीस पोरांत शेवटचे सहा आम्ही. चार आमच्या वस्तीतले, एक वडाराचा, एक कैकाड्याचा. कुणी जात बघून यादी केली नव्हती. सरांनी पैशाच्या रकान्यानं केली होती. पण आपल्या देशात कुठल्याही रकान्यानं यादी करा, तळाला आम्हीच निघतो. यादी करणाऱ्याला त्रास नाही.

दुपारी कुंभारगावला रोहित पक्षी बघितले. मी कवितेत पक्षी फार आणत नाही, पण हे खरंच सुंदर. हजार पांढरे-गुलाबी पाय चिखलात उभे, आणि एक उडाला की सगळे उडतात. तिथनं गाडीनं खालच्या अंगाला इंदापूरच्या बाजूच्या एका काठावर आलो. पलीकडे करमाळ्याच्या बाजूला माळ होता, तिथं तंबू ठोकून रात्र काढायची, आकाशदर्शन करायचं, सकाळी परत यायचं. मधलं पाणी दीड-दोन किलोमीटर. चार होड्या होत्या, भोयांच्या, मासेमारीच्या. लांबट, अरुंद, वल्ह्यांच्या. एकीत सात जण आणि भोई. लाईफ जॅकेटं सोळा. सरांनी यादी काढली आणि नावं पुकारली. सोळाव्या नावाला जॅकेटं संपली. पाणी तेव्हा आरशासारखं होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. दोन खेपांत सगळे पार.

आकाशदर्शन झालंच नाही. अंधार पडायला आणि आभाळ भरायला एकच गाठ पडली. त्या दोन दिवसांत राज्यभर अवकाळी पाऊस झाला, पुढं पेपरात द्राक्षांचे फोटो आले. आम्हाला तो माळावर भेटला. पहिला वारा. असा वारा की तंबूचं कापड माणसासारखं ओरडायला लागलं. खुंट्या माळात नीट शिरल्याच नव्हत्या, खाली मुरूम. एक तंबू उडाला तो थेट पाण्यात. मग पाऊस. बारीक नाही, गोटीएवढा. आमचा सहा जणांचा तंबू कडेला, पाण्याच्या जवळ होता, तो आम्हीच चारी कोपरे धरून बसून राहिलो. रात्री कधीतरी कैकाड्याच्या पोरानं कापडाचे दोन कोपरे एकमेकांना अशी गाठ मारून दिली की वारा आत शिरेना. टोपल्या विणणाऱ्यांचं घराणं. विज्ञान दिनाचं एकच प्रात्यक्षिक आम्ही बघितलं, ते हे.

भोयांना तंबू नव्हते. ते होड्या पालथ्या घालून त्याखाली आडवे झाले होते. त्यातला एक म्हातारा आमच्या तंबूच्या आडोशाला विडी पेटवायला आला. आईनं वळलेली विडी मी हाडाची ओळखतो, त्याच्या हातातली तिच्या हातची नव्हती, पण बोलायला निमित्त झालं. मी त्याला आज्याच्या गावाचं नाव सांगितलं.

"म्हंजी हितलंच की रं," तो म्हणाला. "ह्या पान्याखाली हाय. उद्या जाताना दावतो."

"दिसतं?"

"दिसत न्हाय. बांबूला कळतं."

गावाची पांढरी उंचावर होती, तिथं आत्ता पाणी कमी आहे, बांबू टेकतो, असं त्यानं सांगितलं. मी विचारलं, आणि महारवाडा? त्यानं माझ्याकडं बघितलं. विडीचा लाल ठिपका हलला नाही. मग म्हणाला, "त्यो नदीच्या अंगाला, खाली."

सकाळी पाऊस थांबला, वारा थांबला नाही. पाण्याचा रंग मातीचा झाला होता. ज्यानं फक्त नदी बघितलीय त्याला धरणाच्या लाटा कळायच्या नाहीत. वारा धरणाच्या लांबीवरनं मोकळा धावत येतो, त्याला अडवायला झाड नाही, टेकाड नाही. पाणी उथळ असलं की लाट लांब होत नाही, आखूड आणि उभी होते. एक संपायच्या आत दुसरी. होडीला नाक वर करायला सवडच मिळत नाही. हे मला म्हाताऱ्यानं सांगितलं. भूगोलाचे सर पण तिथंच होते, त्यांनीही ऐकलं.

म्हातारा म्हणाला, दुपारपर्यंत थांबा, वारा पडंल. सरांनी घड्याळ बघितलं. गाडी बारापर्यंतची ठरलेली, पुढं गेलं तर दुसऱ्या दिवसाचं भाडं. शिवाय पालकांचे फोन. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना त्या भाड्याचा हिशेब द्यायचा होता आणि तो कुणीतरी मागणार होतं. आमचा हिशेब मागणारं कोण नव्हतं, एवढाच फरक.

पहिली खेप चार होड्यांची. यादीतले पहिले सव्वीस आणि दोन्ही सर. सोळा जॅकेटं त्यांच्या अंगावर. ठरलं असं की होड्या परत येताना जॅकेटं घेऊन येतील. आम्ही काठावरनं बघत होतो. होडी लाटेच्या मागं गेली की नुसती डोकी दिसायची, मग तीही नाही, मग परत डोकी. दीड तास लागला. पोचले सगळे.

परत दोनच होड्या आल्या. दोन भोई म्हणाले, आता नाही. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनाही घरी पोरं असतील. जॅकेट एकही आलं नाही. पलीकडे पोरं गारठली होती, ती जॅकेटं तशीच अंगात ठेवून जाऊन गाडीत बसली होती, आणि कुणाला कुणाच्या अंगातनं काढून घ्यायचं सुचलं नाही. एका होडीतनं सहा पोरं गेली. मागे राहिलो आम्ही सहा आणि चित्रकलेच्या बाई. बाई आदल्या होडीतनं जाऊ शकत होत्या. जा म्हणूनही भोयानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी शेवटच्या होडीत." बाई कुठल्या जातीच्या ते मला ठाऊक होतं, शाळेत सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. इथं लिहीत नाही.

होडीवाला तो म्हातारा. बसायच्या आधी त्यानं चार गोष्टी सांगितल्या. बूड फळीवर टेकायचं नाही, तळाला टेकायचं. कुणी उठायचं नाही, बाजूचा रडला तरी. पाणी आत आलं तर दोघांनी डब्यानं उपसायचं, बाकीच्यांनी हलायचं नाही. आणि होडी पालथी झाली तर पोहायचं नाही, होडीला धरून राहायचं, लाकूड बुडत नसतं. वडाराचं पोर म्हणालं, "पोहायला येतंय कुणाला." म्हातारा हसला. म्हणाला, "मग तर चांगलं. पोहनाराच होडी सोडून जातो आन् मरतो."

निम्म्यापर्यंत त्यानं नाक लाटेला तिरकं धरून होडी काढली. सरळ नाही आणि आडवी तर अजिबात नाही. प्रत्येक लाटेला त्याचा एक खांदा खाली जायचा. गिरणीत मी आज धागा सांधतो, शंभरदा तुटला की शंभरदा, तेव्हा मला तो खांदा आठवतो. पाणी आत यायला लागलं. बाईंनी स्टीलचा डबा उघडला, त्यात रात्रीच्या पुऱ्या होत्या, त्या पाण्यात टाकल्या आणि उपसायला लागल्या. मी दुसऱ्या डब्यानं. आईनं दिलेला ॲल्युमिनियमचा, कान तुटका. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. आमच्यातला एक मोठ्यानं त्रिशरण म्हणायला लागला. त्याच्या पलीकडचा आई-आई करत होता. मी काही म्हटलं नाही, हात थांबत नव्हते.

मग म्हाताऱ्यानं गाडीच्या दिशेचं नाक सोडलं. बाई ओरडल्या, "अहो, कुठं नेताय?" त्यानं उत्तर दिलं नाही. वाऱ्याला पाठ देऊन त्यानं होडी खाली जाऊ दिली, नुसतं मागनं वल्ह्यानं सांभाळत. एका ठिकाणी वल्हं टाकून बांबू घेतला आणि उभा घातला. बांबू पाण्यात अख्खा गेला, त्याचा दंडही गेला. टेकला नाही. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्यो तुमचा वाडा." एवढंच. परत वल्हं. पुढं शंभरएक हातांवर परत बांबू घातला आणि तो खट्‌ करून बसला. दगड. त्यानं तो हलवून हलवून दगडांच्या फटीत रुतवला, दोरीनं होडी बांबूला बांधली आणि पहिल्यांदा खाली बसला.

"पांढरी," तो म्हणाला. "पाटलाच्या वाड्याचा कट्टा असंल. बसा आता गप."

लाटा तिथंही होत्या, पण होडी बांधलेल्या गाईसारखी नाक वाऱ्याकडं करून उभी राहिली. आत येणारं पाणी उपसण्याइतकंच राहिलं. तास-दीड तास आम्ही तिथं होतो. ज्या गावात माझा आज्या पायताण हातात घेऊन चालला, त्या गावाच्या डोक्यावर आम्ही सहा जण बूड टेकून बसलो होतो आणि गावानं आम्हाला धरून ठेवलं होतं. हे मी आता लिहिताना म्हणतोय. तेव्हा दात वाजत होते आणि मुतायला लागली होती.

दुपारी वारा पडला. म्हातारा म्हणाला होता तसाच. आम्ही काठाला लागलो तेव्हा गाडी उभी होती. भाडं पण दुसऱ्या दिवसाचं लागलं ते लागलंच. सरांनी पहिल्यांदा बाईंना विचारलं, उशीर का केलात? बाईंनी सगळ्यांसमोर ओला डबा त्यांच्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसल्या. शाळेच्या फलकावर सहल आनंदात पार पडली असं आलं, अक्षर चित्रकलेच्या बाईंचं नव्हतं.

पुढं मी सापडेल तसं वाचत गेलो. कॅनडात टिमिस्कॅमिंग नावाचा लांबच लांब तलाव आहे. ११ जून १९७८ ला एका मुलांच्या शाळेची सत्तावीस पोरं आणि चार मोठी माणसं चार कॅनूंमधनं त्यावर निघाली. कॅनू म्हणजे आपल्या भोयांच्या होडीची गोरी बहीण. वारा, लाटा, एक उलटली, तिला वाचवायला गेलेल्या बाकीच्याही उलटल्या. बारा पोरं आणि एक शिक्षक गेले. त्यांच्या अंगात जॅकेटं होती. बुडाले नाहीत, गारठून मेले. त्या शाळेचं म्हणणं असं की कष्टात, हालात घातलं की पोरगं मर्द होतं. मी हे वाचलं आणि बराच वेळ मोबाईल हातात धरून बसलो. लोक पैसे भरून पोरांना हाल विकत घेऊन देतात. आमच्याकडं ते जन्मापासून फुकट आहेत, आणि मर्द होऊन आम्ही करतो काय, तर रात्रपाळी. पण त्या बारा पोरांबद्दल मला वाईट वाटतं, अगदी घरच्यासारखं. लाटेला वर्ग कळत नाही असं म्हणणारे म्हणतात. लाटेला नसेल कळत. होडीत कोण कधी बसणार आणि जॅकेट कुणाच्या अंगावर, हे लाट ठरवत नाही.

१८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेची बोट उलटली. बारा विद्यार्थी, दोन शिक्षिका. बोटीत जास्तीची माणसं होती आणि बऱ्याच पोरांना जॅकेटं नव्हती. नंतर चौकशी बसली, अटका झाल्या. मी मेलेल्यांची नावं वाचत गेलो. वाचताना माझी नजर यादीचा क्रम शोधत होती. आता ती सवय मोडत नाही.

रविवारी रात्री घरी पोचलो तेव्हा आज्या जागा होता. खाटेवर उठून बसला. आईला त्यानं चहा टाकायला सांगितलं आणि मला पायाशी बसवून घेतलं. जेवलास का, भिजलास का, काही नाही. पहिला प्रश्न, "गावावरनं गेलास?"

मी सगळं सांगितलं. पांढरीवर बांबू रुतवून बसलो ते ऐकून तो मान हलवत राहिला. पाटलाचा कट्टा म्हटल्यावर जरा हसला.

"आन् आपल्याकडं?"

"तिथं बांबू टेकला नाही."

"केवढा व्हता बांबू?"

मी दोन्ही हात पसरून, खोलीच्या दारापासनं मोरीपर्यंत दाखवलं. आज्या त्या अंतराकडं बघत राहिला. मग बोटावर काहीतरी मोजलं, दोनदा, आणि चहा बशीत ओतला.